मृण्मयीचा व्हिसा आणि आमच्या ऑफिसचं वऱ्हाड

व्हिसाच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, फाइलींसोबत आपोआप येतात. काम झालं की लोक पासपोर्ट नेतात, फोटो नेतात, सर्टिफिकिटं मोजून नेतात. किस्से मात्र आमच्याकडेच विसरून जातात!

देवासला एबी रोडवर आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. एक टेबल मालकांचं, म्हणजे कैलाश भियांचं. 'भिया' म्हणजे आमच्या माळव्यातला 'भैया', आणि हे भिया पक्के मालवी. मराठी सगळं समजतं, बोलतात हिंदी. दुसरं टेबल माझं. फॉर्म भरायचे आणि मराठी कागदांचं इंग्रजी करायचं, हे माझं काम. कुणी भेटलं की म्हणतं, "वर्षा, एखादा किस्सा सांग ना!" एखादा काय, एकट्या मृण्मयी मानेच्या फाइलीतून माझं वर्षभर निभावलंय.

मृण्मयी देवासची. तिचे बाबा, माने काका, साताऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. पोरगी एमएस्सी करायला इंग्लंडला गेली, तो स्टुडंट व्हिसा आमच्याच ऑफिसातून झाला. तिथे गणपतीच्या आरतीला मागून कुणीतरी म्हणालं, "भिया, थोड़ा सरको नी!" हिनं झटकन वळून पाहिलं. परदेशात 'भिया' म्हणणारा कोण? तो निघाला धारचा सौरभ, तिथे नोकरीला लागलेला. देवास आणि धारच्या मध्ये फक्त एक इंदूर आहे, पण ही दोघं भेटली थेट लेस्टरला!

लग्न ठरलं. नाताळच्या सुट्टीत देवासला लग्न, मग तिनं परत जाऊन कोर्स पूर्ण करायचा, आणि स्टुडंट व्हिसाची मुदत संपायच्या आत सौरभच्या नावावर डिपेंडंट व्हिसासाठी अर्ज करायचा. ह्यालाच आम्ही 'स्विच' म्हणतो. तो चुकला तर नवरा तिकडे आणि बायको इकडे. म्हणून फाइल आमच्याकडे आली.

* * *

पहिल्याच दिवशी खटका उडाला. मी काका-काकूंना समजावत होते, "आता तिचा डिपेंडंट व्हिसा होईल."

काका खुर्चीतून उठलेच. "काय होईल? डिपेंडंट? एमएस्सी होणारी पोरगी आहे माझी! ती कुणावर डिपेंडंट नाही!"

"अहो काका, तो नुसता व्हिसाचा प्रकार आहे."

"मराठीत काय म्हणतात त्याला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आश्रित."

झालं! काका लालबुंद. "दुसरा शब्द घाला त्या फॉर्मवर!" भिया हात जोडून म्हणाले, "काका, फॉर्म लंदन से बनकर आता है, मैं क्या बदलूँ?"

तोवर काकू शांतपणे पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या कारखान्याच्या मेडिकल कार्डावर तीस वर्षं मी डिपेंडंट आहे. तेव्हा नाही असे उठून उभे राहिलात?"

काका बसले. आमच्या ऑफिसच्या नोंदणीच्या फॉर्मवर सही केली.

* * *

लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. पत्रिका बघून भियांनी उत्साहात फाइलीचा कच्चा फॉर्म स्वतःच टाइप करून ठेवला. मी तपासायला घेतला तर नवरीच्या नावाच्या रकान्यात 'ची साऊ का मृण्मयी'!

"भिया, हे काय?"

"कार्ड में लिखा है ना! मैं भी सोच रहा था, लड़की देवास की और नाम चाइनीज़!"

पत्रिकेवर होतं 'चि. सौ. कां.'!

* * *

सौरभचे आई-वडील तो लहान असतानाच गेले. वाढवलं त्याला आत्याबाईंनी. धारला शाळेत शिकवत होत्या, आता निवृत्त. पूर्वज धारच्या दरबारात लिहिण्याच्या कामाला होते, त्यामुळे घरात मराठी जुन्या वळणाची आणि रीतभात त्याहून जुन्या वळणाची. आत्याबाईंनी जाहीर केलं, "सुनेचं नाव बदलायचं. रेवा. आमची कुळाची देवी नर्मदेकाठी, धरमपुरीला. रेवा म्हणजे नर्मदाच, तेच ठेवायचं."

नाव गोडच आहे. पण ताटात तांदूळ पसरले, सौरभनं अंगठी हातात घेतली, आणि पंगतीतून कैलाश भिया उष्ट्या हातानं धावत आले. "रुको! गुरुजी, रुको! नाम बदला तो पासपोर्ट अलग, सर्टिफिकेट अलग! फाइल गई समझो!"

आत्याबाईंची नजर अशी, की एखादा शिक्षणाधिकारी असता तरी वर्गाबाहेर गेला असता. माने काका मध्ये पडले, "पासपोर्टवरचं आहे तेच ठेवा हो, आत्याबाई."

"आमच्या घरची रीत आहे, मानेसाहेब."

"आमच्या घरची मुलगी आहे, आत्याबाई."

दोघं एकमेकांकडे बघत उभे. मृण्मयीच्या डोळ्यात पाणी यायला लागलं. सौरभ बिचारा एकदा आत्याकडे बघे, एकदा बायकोकडे. मग त्यानं मान खाली घातली आणि तांदळात लिहायला सुरुवात केली. इंग्रजीत. कॅपिटल लेटर्समध्ये. पासपोर्टवर आहे तस्सं, शेवटी दोन ई, मध्ये वडलांचं नाव, पुढे आडनाव! ताट पुरेना. आडनावाची शेवटची दोन अक्षरं पाटावर गेली.

आत्याबाई वाकून बघत म्हणाल्या, "हे सुनेचं नाव आहे की रेल्वेचं रिझर्व्हेशन?"

सगळ्यात आधी हसले माने काका. मग आत्याबाईंनाही आवरेना. आणि घरात त्या तिला रेवाच म्हणतात. त्याला कुठला फॉर्म लागत नाही.

* * *

मृण्मयी परत गेली, कोर्स संपत आला, फाइलीला पुरावे लागायला लागले. लग्न खरं आहे, नुसतं कागदावरचं नाही, हे दाखवायचं असतं. मी फोटो मागवले. लग्नाचे चारशे फोटो आले. एकातही दोघं एकटी नाहीत! मध्ये मामा, मागे मावशा, कडेला केटररसुद्धा.

शेवटी लग्नानंतर ही मंडळी धारजवळच्या मांडूच्या किल्ल्यावर गेली होती तिथला एक फोटो सापडला. उंचावर, मागे सगळी दरी, हवा स्वच्छ. फक्त पायऱ्या फार म्हणून आत्याबाईंनी एका हातानं सौरभला धरलेलं आणि दुसऱ्या हातानं मृण्मयीला.

भियांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला. "वर्षा ताई, फोटो अच्छा है। पर इसमें डिपेंडंट तो बीच वाली लग रही है!"

* * *

मग दोघांच्या लग्नाआधीच्या गप्पांचे प्रिंट मागवले. आम्हाला वाटलं, आता मजा. प्रेमविवाह आहे, जपून वाचावं लागणार! मी तर दार लोटून घेतलं.

पान एक. "जेवलीस का?" "हो. तू?" "हो."

पान दोन. "जेवलीस का?" "नाही अजून." "जेव."

पान नऊपर्यंत हेच. मध्ये एकदा फक्त "पोहे केले. सेव नाही इथे." आणि तिचं उत्तर, "रडू नकोस."

मी निराश होऊन पानं भियांपुढे ठेवली. "ह्यानं काय सिद्ध होणार?"

भियांनी सगळी पानं उलटून पाहिली. "ये शादी के पहले का है? अरे, ये तो शादी के बीस साल बाद का है! इससे ज़्यादा जेन्युइन क्या होगा? लगाओ!"

* * *

घरातल्या मोठ्या माणसाचं एक पत्र जोडावं, असं मी सुचवलं. आत्याबाईंनी तीन पानी पत्र स्वहस्ते लिहून पाठवलं. अक्षर काय सांगू, छापल्यासारखं! मृण्मयीला फोटो पाठवला तर तिचा फोन, "वर्षा मावशी, मी हिंदी मीडियमची, मला पहिलीच ओळ कळत नाही. हे कोड आहे का?"

पहिली ओळ होती, 'कृ. सा. न. वि. वि.' म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. व्हिसाच्या साहेबाला!

पुढे लिहिलं होतं, 'उभयतांचा विवाह आमचे समक्ष यथाविधि पार पडला असून सून आम्हांस लेकीहून अधिक आहे.' ती ओळ फोनवर वाचून दाखवली तशी मृण्मयीनं ती परत एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "मावशी, ही ओळ नीट करा हं इंग्रजीत."

नीट केली. दोन तास घेतले त्या एका ओळीला. तयार झाल्यावर आत्याबाईंना फोनवर वाचून दाखवलं, "डियर सर..."

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "मी एवढा साष्टांग घातला, त्याचं नुसतं डियर सर?"

* * *

मुदतीला अकरा दिवस राहिले होते तेव्हा अर्ज गेला. मग वाट बघणं. निकाल येईपर्यंत देशाबाहेर पडायचं नसतं, त्यामुळे पहिला दिवाळसण हुकला. काकूंनी ठरवलं, जावयाला फोनवरच ओवाळायचं. दुपारी भिया आणि मी, दोघंही फराळाला गेलो होतो. आत्याबाई धारहून आल्या होत्या. पाटावर उशी, उशीवर फोन, फोनमध्ये नवा झब्बा घातलेला सौरभ.

काकूंनी कुंकू घेतलं आणि थेट त्याच्या कपाळावर, म्हणजे स्क्रीनवर टेकवलं. फोन कट!

परत लावला. परत टिळा. परत कट! तिसऱ्यांदा सौरभ स्वतःच मागे सरकला आणि ओरडला, "आई, लांबून! लांबूनच आशीर्वाद द्या!"

आत्याबाई काकूंना म्हणाल्या, "बघा, आत्तापासून टाळतोय!" आणि दोघी अशा हसल्या की करंज्यांचं ताट कलंडलं.

* * *

व्हिसा आला तो एका मंगळवारी सकाळी. ईमेल उघडून भिया खुर्चीवर उभेच राहिले. मी काकांना फोन केला. काका वीस मिनिटांत हजर, हातात जिलबीचा पुडा. सगळ्यांना वाटली, समोरच्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा. मग म्हणाले, "कागद दाखवा."

मी प्रिंट दिली. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. उलटी करून पाहिली. परत सुलटी केली.

"वर्षाताई, ह्यात तिच्या परत यायची तारीख कुठं आहे?"

स्टुडंट व्हिसाच्या वेळी कोर्स संपायची तारीख विचारून ती त्यांनी खिशातल्या डायरीत उतरवून घेतली होती, ते मला माहीत होतं. आता मी कुठली तारीख सांगणार?

कैलाश भियांनी पुडा उघडून काकांपुढे धरला. काकांनी एक जिलबी घेतली. "गरम आहे अजून," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

* * *

मृण्मयी आली. अहो, आलीच! तिकडे नोकरी लागली, आणि पुढच्या थंडीत सोळा दिवसांची रजा काढून एकटीच आली. आठ दिवस देवास, आठ दिवस धार, अशी वाटणी आमच्याच ऑफिसात बसून झाली. काका नऊ मागत होते, आत्याबाई आठावर अडून होत्या.

शेवटच्या दिवशी तिला घेऊन आत्याबाई धारहून देवासला आल्या. इथूनच तिला इंदूरच्या विमानतळावर जायचं होतं. पोरगी रडत-हसत गेली. आत्याबाई म्हणाल्या, आता उशीर झाला, उद्या निघते.

दुसऱ्या दिवशी निघाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला त्या देवीच्या टेकडीच्या रस्त्याला दिसल्या. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला काका, आणि आत्याबाई मधून काकांना सांगत होत्या, "'मी केलं' नाही मानेसाहेब, 'म्यां केलें'. आमच्याकडे असंच म्हणत." आणि माने काका, सातारचे माने काका, चढण चढताना मुकाट म्हणत होते, "म्यां केलें."

दहा दिवस झाले. ऑफिसात काकांचा फोन आला. भियांनी स्पीकरवर टाकला.

"भिया, आत्याबाई अजून इथंच आहेत."

"तो क्या हुआ काका? कोई तकलीफ़?"

"मृण्मयीच्या खोलीत त्यांची गादी घातलीय. सकाळी मला वर्तमानपत्र वाचून दाखवतात, माझ्या चुका काढतात."

"फिर?"

"उद्या धारला जायचं म्हणतात. बॅग भरून दाराशी ठेवलीय. ही स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही."

भियांनी माझ्याकडे पाहिलं. पलीकडून काकांनी आवाज एकदम खाली आणला, बहुतेक आत्याबाई जवळपास असाव्यात.

"भिया... एक्स्टेन्शनचा काही फॉर्म असतो का हो?"