जागा धरायला बसवलेल्या आत्या

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली माणसं प्रवासाला निघाली की सगळ्यात आधी जागा धरतात. गगनबावड्याची एसटी असो नाहीतर लग्नाची गाडी, खिडकीतून रुमाल टाकायचा किंवा घरातलं वयस्कर माणूस आधी आत बसवायचं. ते एकदा बसलं की बाकीचे खाली चहा प्यायला मोकळे. कंडक्टर हाक मारतोच, आणि नाही मारली तर पत्र्यावर थाप मारून गाडी थांबवता येते.

हीच अक्कल आम्ही अंदमानात नेली. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी बोट जेट्टीला लागली, तसं माझ्या नवऱ्यानं त्याच्या आईला, म्हणजे आत्यांना, आत खिडकीशी बसवलं. शेजारच्या सीटवर टॉवेल पसरला. "कुणाला बसू दिऊ नगंस," असं बजावून तो शहाळं प्यायला उतरला. येईना म्हणून मी बोलवायला गेले, तर साहेब शहाळेवाल्याला मोडक्या हिंदीत पन्हाळा समजावून सांगत होते. मी तिथंच तोंड सोडलं. आमचं भांडण संपायच्या आत बोट सुटली.

भोंगा वाजला असेल, आम्हाला ऐकू आला नाही. नवरा धक्क्यावरून हात हलवत पळाला. "ओ पावणं! थांबा की! आमची आई हाय आत!" बोट कशाला थांबते?

आत्यांना कोल्हापुरी सोडून दुसरं बोलता येत नाही. त्यांचा मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. डबाही माझ्याजवळच, आणि त्यांना शुगर. वेळेवर खाल्लं नाही की भोवळ येते. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं पलीकडच्या जेट्टीला फोन लावून पाहिला, पण लागेना. पुढची बोट दुपारी होती. आत्यांची बोट तर तिथून आणखी पुढच्या बेटावर जाणार होती. त्या उतरल्याच नाहीत तर? उतरून भलतीकडेच चालत सुटल्या तर? घरी असतो तर मोटारसायकल काढून मुरगूडपर्यंत शोधून आलो असतो. इथं मध्ये समुद्र. मी इतकी घाबरले की भांडायचीही थांबले.

दुपारच्या बोटीत मी बसलेच नाही. कठड्याला धरून उभी राहिले आणि दिसेल त्या किनाऱ्यावर त्यांचं हिरवं लुगडं शोधत राहिले.

आत्या जेट्टीच्या शेडमध्ये बाकावर बसल्या होत्या. कुणीतरी दिलेला बिस्किटांचा पुडा मांडीवर तसाच, न फोडलेला. नवरा धावत गेला. त्यांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बोट चुकली व्हय तुमची?"

"व्हय गं आई."

"मला वाटलं, हितं सोडायलाच आणलासा."

नवरा तिथंच खाली बसला. "काहीतरीच काय, आत्या," असं म्हणत मी डबा उघडून त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी आम्हाला नंतर एका शब्दानंही बोल लावला नाही. पण कोल्हापूरला परत येईपर्यंत मी बाथरूमला गेले, तरी त्या दाराबाहेर येऊन उभ्या राहायच्या.