न पाठवलेला फॉर्म

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुझा फॉर्म मी पाठवलाच नाही."

मी त्यांच्या हॉलमध्ये कार्पेटवर उभी होते. सोफ्यावर त्यांच्या दोन मैत्रिणी. माझी आई वर बाथरूम घासत होती. साल २००४. मी दहा वर्षांची.

फॉर्म ग्रामर स्कूलच्या, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या सरकारी शाळेच्या, प्रवेश परीक्षेचा. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. काकू डॉक्टरांच्या बायको, पुण्याच्या, शिकलेल्या. त्याच म्हणाल्या होत्या, इराबरोबर हिचाही भरते. इरा त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. दर शनिवारी आई त्यांचं घर साफ करायची आणि तेवढा वेळ मी इराशेजारी बसून सरावाचे पेपर सोडवायचे. त्या दिवशी इराला परीक्षेचं पत्र आलं होतं. मी विचारलं, माझं कुठंय?

"का नाही पाठवला?"

"लुक, तिथलं प्रेशर तुला झेपलं नसतं. तुमच्या घरातलं वातावरण मला माहितीये. तुझ्या भल्यासाठीच केलं."

वातावरण. लंडनच्या हाउन्सलोत दुकानावरची एक खोली. वडील एअरपोर्टच्या गोदामात माल चढवायचे. कंबर गेली, काम गेलं, मग दारू. आईचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटायचे. मी शाळेतून आले की खालच्या लॉन्ड्रेटमध्ये जाऊन बसायचे. लोकांचे कपडे धुण्याच्या मशीनमध्ये फिरत असायचे, मी मांडीवर वही घेऊन गणितं करायचे. नखं खायचे, बोटं सोलवटेपर्यंत. शाळेत मिस विचारायच्या, "एव्हरीथिंग ओके ॲट होम?" मी म्हणायचे, "येस, मिस." आईनं दम भरला होता, खरं बोललीस तर सरकारी लोक तुला घेऊन जातील.

हे सगळं आईनंच काकूंना सांगितलं होतं. रडत. विश्वासानं. त्याच काकूंना, ज्यांनी पहिल्या दिवशी तिला आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. तेव्हापासून आमचे दोन कप सिंकखाली वेगळे.

"इरापेक्षा माझे मार्क जास्त होते," मी म्हणाले. "प्रत्येक पेपरला. म्हणून नाही पाठवलात."

एक मैत्रीण हसली. त्या हसण्यानं काकू उठल्या. कानफटात बसली. माझं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं.

"बाथरूम धुणारीची पोर! आमच्या घरात शिकून मलाच बोलतेस?"

त्यांचा हात पुन्हा वर गेला. मी तो धरला आणि चावले. दात रुतेपर्यंत. तोंडात रक्ताची चव आली. तरी सोडला नाही.

किंकाळी ऐकून आई धावत आली. हातात रबरी हातमोजे तसेच, ब्लीचचा वास. तिनं मला ओढून काढलं आणि काकूंकडे बघत मला मारलं. एक. दोन. तीन.

"माफी माग! ताईंची माफी माग!"

तिचा चेहरा रागाचा नव्हता. वडील मारायचे तेव्हा असायचा, तोच चेहरा. घरी ती वडिलांना भ्यायची, इथे काकूंना. भीती तिची, वळ माझ्या गालावर.

मी माफी मागितली नाही.

सोमवारी मिसनी गाल पाहिला. "हू डिड धिस?" मी सांगितलं. आई. काकू. वडील. सगळं. थांबलेच नाही.

वडिलांना पोलीस घेऊन गेले. आम्ही मारहाणीतून सुटलेल्या बायकांच्या निवाऱ्यात गेलो. सोशल वर्कर आमच्याकडे चारदा आली, आईला तेच तेच प्रश्न विचारले. डॉक्टरांच्या घरी कुणी गेलं नाही.

निवाऱ्यातल्या पलंगावर बसून आई म्हणाली, "ताईंना एकदा सॉरी म्हण. काम परत देतील."

"तू त्या घरात पाय ठेवलास तर मी तुझ्याबरोबर राहणार नाही."

तिनं हात उगारला. मी गाल हलवला नाही.

"मार. तरी नाही म्हणणार."

बराच वेळ हात तसाच वर होता. मग खाली आला. आई त्या घरी गेली नाही. विमानातले जेवणाचे ट्रे धुवायला लागली. इरा ग्रामरला गेली. मी मिळाली त्या शाळेत, जिथे एका वर्षात गणिताचे तीन शिक्षक बदलले.

अठराव्या वर्षी मी सोशल वर्करनं लिहिलेली माझी फाइल मागवून वाचली. काकूंनी मारल्याची एक ओळ. 'मुलीचा आरोप.' मी चावल्याचं अर्धं पान. 'ॲग्रेसिव्ह.'

आता असल्या फाइली मी लिहिते. सोशल वर्करचंच काम निवडलं. मारलं कुणी, हे पहिल्या ओळीत लिहिते. नावासकट, हुद्द्यासकट, घर कितीही मोठं असलं तरी. मॅनेजर म्हणतात, जरा सॉफ्ट लिहीत जा.

मी सॉफ्ट लिहीत नाही. लिहिणारही नाही.