वस्ताद आणि डोलनबाबा

चूक आकाराम हवालदारांचीच. फौजेत रसदीचा ट्रक हाकून गावी आलेल्या माणसानं गप आपला ऊस बघावा. पण ह्यांनी शिरोली एमआयडीसीच्या मागच्या माळावर फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना फुकट पळवायला घेतलं आणि त्यांचे वस्ताद झाले. तेही ठीक. माळाच्या टोकाला एक जुनी इंग्रजी कबर होती. तिच्या दगडाला हात लावून परत फिरायचं, असा नेम त्यांनीच घातला. आणि पोरं तिथं दम खात बसली, की त्यांना हुशारी यावी म्हणून आतल्या माणसाची कथाही त्यांनीच सांगितली.

मायकेल डोलन, आयर्लंडचा. गावाकडं बटाटा कुजला, चूल पेटेना. म्हणून ज्या इंग्रजानं देश दाबून धरलेला, त्याच्याच पलटणीत वय वाढवून भरती झाला. रशियाच्या लढाईत गोळ्यांच्या माऱ्यातून तीन जखमी पाठीवर टाकून आणले. राणीनं छातीला पदक लावलं. मग हिंदुस्थानात बदली, दारूपायी दोनदा बाहीवरची बढतीची फीत गेली, आणि शेवटी इथल्या तळावर पटकीनं गेला. चाळिशीही गाठली नाही बिचाऱ्यानं.

कथा रंगवता रंगवता वस्तादांनी भरात येऊन रिवाजही सांगून टाकला. सलाम हवालदाराला नसतो, साहेबाला असतो; पण बहादुरीचं मोठं पदक असेल, तर साध्या शिपायालाही जनरल सलाम ठोकतो.

झालं. पुढच्या भरतीत लागलेली पोरं नारळ घेऊन वस्तादांच्या दारावरून थेट दगडाकडं गेली. वर्षभरात डोलनचा डोलनबाबा झाला. कुणी चुना मारला, कुणी क्रीमरोल ठेवू लागलं, कुणी सिगारेट पेटवून खोचू लागलं. शिरोळकडची पोरंसुद्धा नवस बोलायला यायला लागली. शिट्टी फुंकून घसा बसवायचा वस्तादांनी, आणि नारळ फुटायचा गोऱ्यापुढं.

हवालदारांनी घरी जाऊन पेटी उघडली. त्यांच्याही पेटीत दोन बिल्ले होते, पण एक बर्फात राहिल्याचा आणि दुसरा नोकरी न मोडता केल्याचा. त्यांना कोण नारळ फोडणार? मग त्यांनी कथेत हळूच फेरफार केला. पदकाचा भाग आटोपता घ्यायचा आणि दारूचा लांबवायचा. पोरांनी लगेच नारळासोबत क्वार्टर ठेवायला सुरुवात केली.

"बायका जित्या सवतीवर जळत्यात," त्यांची बायको तानाबाई म्हणाली. "तुमी मेलेल्या गोऱ्यावर जळतायसा."

राहता राहिली क्रांती, त्यांच्याकडं पळायला येणारी एक पोरगी. पहिल्या भरतीत ती मागं पडली, तेव्हा बापानं तिचं पळणं बंद केलं होतं. हवालदार त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसले आणि तो हो म्हणेपर्यंत हलले नाहीत. आता ती मिलिटरी पोलिसात लागली होती. ट्रेनिंग करून रजेवर आली होती आणि आज ड्युटीवर निघाली होती. जाताना वर्दीत माळावर येणार, असा निरोप आला तशी हवालदारांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पेटीतली जुनी टोपी चढवली. रिवाज शिकवलाय खरा, पण एवढ्या ट्रेनिंगच्या रगाड्यात पोरगी विसरली असेल, अशी त्यांची आशा. जन्मात एक तरी सलाम त्यांना हवा होता, आणि तो हिच्याच हातचा.

क्रांती आली. त्यांच्याकडं बघून हसली आणि सरळ दगडापुढं जाऊन उभी राहिली. टाच आपटून तिनं असा कडक सलाम ठोकला, की हवालदारांनी हात, कोपर, नजर सगळं तपासलं, पण नाव ठेवायला जागा सापडेना.

मग ती वळली, त्यांच्यापुढं आली आणि पाया पडायला वाकली.

"वर्दीत वाकायचं न्हाय," सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

ती अर्धी वाकलेली थांबली. "मग सलाम करू?"

हवालदारांनी टोपी सरळ केली. मान आपोआप ताठ झाली.

"हवालदाराला सलाम नसतोय. शिकवलं न्हवं तुला?"

"शिकवलंय की." ती सरळ उभी राहिली. "मग तुमाला देऊ काय, वस्ताद?"

मागं कबरीवर कुणाची तरी सिगारेट निवांत जळत होती. हवालदारांनी तिकडं एकदा बघितलं.

"ऱ्हाऊ दे उधार," ते म्हणाले आणि तिची पेटी उचलून त्यांनी रिक्षात ठेवली.

"पुढच्या रजंला देतो," ती म्हणाली. उधार काय राहिलं, सलाम की नमस्कार, हे तिनं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.