उजवा कौल आणि सीलबंद पाकीट

कसालच्या आतल्या वाडीतला बाबली परब देवाला विचारल्याशिवाय काहीच करत नाही. काजूची कलमं लावायची, कौल. विहीर खणायची, कौल. सावित्रीला बघायला गेला तेव्हा होकार आधी देवळातून आला आणि पोहे मागाहून. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो, उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. बाबलीचं सगळं आयुष्य त्या दोन बाजूंमध्ये नीट बसलं होतं.

मुलगी अक्षया बारावीला तालुक्यात पहिली आली. कॅनडातल्या एका विद्यापीठानं तिला पहिल्या वर्षाला प्रवेश दिला, शिष्यवृत्तीसकट. इंग्रजीची परीक्षा झाली, पासपोर्ट झाला. उरलं होतं एकच. बारावीचा अधिकृत गुणतक्ता कॉलेजनं स्वतः पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं, तोंडावर प्राचार्यांची सही आणि शिक्का. उघडलेलं पाकीट चालणार नाही, असं विद्यापीठानं स्पष्ट लिहिलं होतं. प्राचार्य खानोलकर सरांनी मे महिन्याच्या शेवटी निवृत्त होता होता तेवढं काम करून दिलं.

अक्षयानं पाकीट कपाटात ठेवलं. "कुरियर सोमवारी. तवसर कोणी हात लावूचो नाय."

रविवारी ती मैत्रिणीकडे गेली. बाबलीनं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि मगच पाकिटाला हात लावला.

देवळात धोंडू गुरव म्हणाला, "ह्या काय?"

"चेडवाचे मार्क. भायर धाडूचे आसत. देवाक इचार."

"बंद पाकिटातला देवाक कसा दिसतला रे? कागद समोर ठेव."

बाबलीलाही ते पटलं. देवापुढे बंद वस्तू ठेवायची म्हणजे देवापासून लपवल्यासारखंच. धोंडूच्या नारळ सोलायच्या सुरीनं त्यानं पाकीट उघडलं. अगदी हळू, शिक्क्याच्या बरोबर मधून.

धोंडूनं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या बाबलीचा चेडू सातासमुद्रापार शिकूक जाता हा, तेच्या वाटेत काय आडखळ आसात ती दूर कर रे महाराजा..."

"व्हय महाराजा!" बाबली एकटाच ओरडला.

उजवी पाकळी पडली. लगेच.

तो घरी आला तेव्हा अक्षया ओसरीवर होती. "गो, उजवो इलो! तुझा काम होतला!" आणि त्यानं पाकीट पुढे केलं. वर कुंकवाचं बोट होतं.

अक्षयानं पाकीट हातात घेतलं. आतून कागद काढला, परत घातला.

"काय झाला गो?"

"काय नाय."

सावित्रीनं मात्र ओळखलं. "अवो, तां उघडूचा नव्हता!"

"मगे डिंक लावया."

"शिको फाटलो तो?"

अक्षया आत जाऊन ताटं मांडायला लागली.

सोमवारी बापलेक कॉलेजात गेली. सरांच्या जागी आलेल्या प्रभारी मॅडम भल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "अगं, मला सह्यांचे अधिकारच मिळाले नाहीत अजून. प्रस्ताव ओरोसला, जिल्ह्याच्या ऑफिसात पाठवलाय. मंजुरी येईपर्यंत मी फक्त हजेरीवर सही करते."

"कधी येईल?" अक्षयानं विचारलं.

"या महिन्यात तर नाही."

विद्यापीठाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

मग खानोलकर सरांचं घर. सर बनियनवर पडवीत बसले होते. बाबली हात जोडून उभा राहिला. "सर, मागची तारीख घाला. नवा पाकीट हाडलंय."

सरांनी पेन उघडलं. अक्षयाकडे बघितलं. "त्यांनी कॉलेजला विचारलं, हे कोणी कधी दिलं, तर? माझं काही जाणार नाही गो. तुझ्या नावापुढे खोटेपणा लागेल, आणि मग कुठलंच विद्यापीठ दार उघडणार नाही. करू?"

पडवीत पंखा फिरत होता. बाबली पोरीकडे बघत होता, पोर पंख्याकडे.

"नको, सर."

सरांनी टोपण लावलं. त्यांच्या बायकोनं कोकम सरबत दिलं, ते दोघांनी संपवलं.

मुदत वाढवून मिळावी म्हणून अक्षयानं मेल केला. उत्तर फार सभ्य आलं. जागा पुढच्या विद्यार्थ्याला गेली, पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावा, शुभेच्छा. तिनं ते बापाला मराठीत वाचून दाखवलं, बातम्या वाचतात तसं.

"माझ्यावर वराड तरी," बाबली म्हणाला.

"कित्याक?"

"माका बरा वाटात."

तिला खरंच ओरडायला काही सापडलं नाही. "तरव्यात पाणी जास्त झाला हा," ती म्हणाली. बाबली उठून भाताच्या रोपांतलं पाणी काढायला गेला.

कुडाळच्या कॉलेजात बीएस्सीचे प्रवेश सुरू झाले, तेव्हा दोघं थांब्यावर उभी होती. धोंडू सायकलवरून उतरला. त्याला कुठूनतरी कळलं होतं, पण अर्धवट.

"बाबल्या, उजवो पडललो मा रे? मगे चेडू हय कसा?"

बाबलीनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पाकीट उघडायला कोणी सांगितलं, ते तो बोलला नाही.

"देवाचा बरोबर होता. पाकीट मी उघडलंय."

धोंडू सायकलची घंटी पुसत राहिला.

"बाबा, गाडी इली," अक्षया म्हणाली. ती आधी चढली, खिडकीशी बसली, आणि त्याच्यासाठी बाजूची जागा हातानं धरून ठेवली.