नसीरला शेवट बघायचा होता

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. तीच माणसं दर रविवारी एका सोफ्यावर बसली की ते साचत जातात, सिंकमधल्या भांड्यांसारखे. आमचे किस्से पूर्वी निव्वळ हसायचे होते. हसतो आम्ही आताही, पण हसून झाल्यावर लगेच कुणी बोलत नाही.

आम्ही म्हणजे मी, सुनील आणि नसीर. कॉलेज बुडवून पुंडलिकनगरातल्या एका गेमिंग कॅफेत आम्ही एकच गेम खेळायचो. जुन्या काळातलं बंदराचं शहर, तलवार घेतलेला एक खलाशी आणि त्याच्या मागावर सुलतानाचे शिपाई. खेळायचा नसीर. आम्ही दोघं पहिल्याच पुलावरून पाण्यात पडायचो, म्हणून आमच्याकडे फक्त सल्ले द्यायचं काम. आता मी वाळूजला कंपनीत आहे, सुनीलचं बियाण्यांचं दुकान आहे आणि नसीर खुलताबादेत शिवणकाम करतो. म्हणजे करायचा.

मागच्या वर्षी सुनीलचा फोन आला, तिघांना एकदम जोडून. "अरे, आपला गेम परत आलाय. रिमास्टर केलाय. समदं नवं, चकाचक."

नसीर म्हणाला, "आपल्यालाबी करून देतेत का, विचार."

आम्ही खो खो हसलो. मग त्यानंच सांगितलं की त्याला काचबिंदू निघालाय. बाजूचं दिसणं गेलंय, समोरचं तेवढं राहिलंय, आणि गेलेलं परत येत नाही. "त्या गेमचा शेवट आपण कधी बघितलाच नाय. कॅफेतली सीडी शेवटच्या दाराशीच अडकायची," तो म्हणाला. "तेवढा बघायचाय. त्यो बघून झाल्यावर जायचं ते जाऊ दे."

त्याच रविवारी आम्ही सुनीलच्या घरी सुरुवात केली.

* * *

गेममध्ये एका विहिरीमागं कोपरा होता. तिथं उभं राहिलं की शिपाई समोरून निघून जायचे, पण त्यांना आपण दिसायचो नाही. आम्हाला वाटायचं, खेळणाऱ्यानं दम खावा म्हणून कंपनीनंच ती सोय केलीय. खलाशाला तिथं उभं करून आम्ही चहा प्यायचो. सुनीलनं लग्नाचं आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते त्या कोपऱ्यात थांबलो असतानाच.

नव्या गेममध्ये नसीर भरवशानं तिथं जाऊन उभा राहिला. शिपाई सरळ आत आला आणि त्यानं खलाशाला उभा चिरला. चहाचा पहिला घोटसुद्धा झाला नव्हता.

मी मोबाइलवर शोधलं. ती सोय नव्हतीच, गेममधली चूक होती, आणि आता कंपनीनं ती सुधारली होती.

"चूक होती व्हय ती?" नसीर म्हणाला. "आपण तर तिथंच लई सुखात होतो."

* * *

या गेमला एक बटण आहे. दाबलं की चित्र जुनं होतं, परत दाबलं की नवं. सुनीलनं हौसेनं दाबलं. खलाशाचा चेहरा मळलेल्या कणकेसारखा झाला, समुद्र निळ्या सतरंजीसारखा. आम्ही दोघं बघतच राहिलो. आमच्या आठवणीत हा गेम काय देखणा होता!

"असं दिसायचं हे?" सुनील म्हणाला. "आन यापायी आपण नापास झालो?"

त्यानं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. जुनं, नवं, जुनं, नवं. नसीर डोळे बारीक करून बघत होता. मग म्हणाला, "मला दोन्ही सारखंच दिसायलंय."

त्यानंतर त्या बटणाला कुणी हात लावला नाही.

* * *

बाजूनं येणारे शिपाई नसीरला दिसायचे नाहीत, म्हणून आम्ही पद्धत पाडली. सुनील त्याच्या डावीकडं, मी उजवीकडं. ज्या बाजूनं शिपाई येईल त्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की नसीरचा अंगठा फिरायचा आणि खलाशी उडी मारून बाजूला व्हायचा. त्याची अशी सवय लागली की बोलायची गरजच उरली नाही.

एका संध्याकाळी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. रस्ता ओलांडताना उजवीकडून मोटारसायकल आली आणि मी सवयीनं त्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. नसीर जागचा हलला नाही. त्याचा अंगठा तेवढा हवेत फिरला.

गाडीवाला करकचून ब्रेक दाबून ओरडला, "दिखता नहीं क्या?"

नसीरनं अदबीनं उत्तर दिलं, "नहीं दिखता, भाई."

* * *

घरी नसीरनं सांगून ठेवलं होतं की डॉक्टरांनी डोळ्यांचा व्यायाम दिलाय आणि त्याचं मशीन सुनीलकडं आहे. भाभी दर रविवारी आमच्यासाठी डबा पाठवायच्या. ते मटण गिळताना आम्हाला फार अपराधी वाटायचं. शेवटी मी त्यांना फोन केला आणि अडखळत म्हणालो की भाभी, तो व्यायाम जो आहे ना...

"गेम है वो. मेरेकू मालूम है," त्या म्हणाल्या. "लेकिन उस दिन घर आके पेट भर खाना खाते. बुलाते रहो."

* * *

पावसाळा संपता संपता ते शेवटचं दार उघडलं. तोवर नसीर बराचसा आमच्या थापांवरच खेळत होता. पुढं खेळायचं काही नव्हतं, शेवटची फिल्म तेवढी होती. त्यानं कंट्रोलर बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि खुर्ची टीव्हीला नाक लागेल इतकी पुढं ओढली.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पडदा काळा झाला का रे?"

पडदा काळा झाला नव्हता. त्यावर पहाट होती. माळावर खलाशी आडवा पडलेला होता, छातीवर हात ठेवलेले, आणि चारपाच माणसं खाली मान घालून उभी होती.

सुनील म्हणाला, "नाय नाय, चालू हाय. त्यो होडीत बसलाय. वल्ही मारायलाय. घराकडं निघालाय."

"एकटाच?"

"एकटाच. समुद्र एकदम शांत हाय. ऊन पडलंय."

नसीर मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. नव्या गेमचा आवाजही नवा होता, बारीकसारीक सगळं ऐकू येत होतं. सुनील बोलत राहिला. किनारा दिसायला लागला, म्हणाला. किनाऱ्यावर त्याची माणसं आलीत, म्हणाला.

"सुन्या," नसीर म्हणाला, "मी खुलताबादचा हाय, कबरींच्या गावचा. माती लोटायचा आवाज मला वळखू येतो."

मी टीव्ही बंद करायला उठलो, तर नसीरनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"पण तू सांग," तो सुनीलला म्हणाला. "होडी कुठवर आली?"