धारगळ ते साखळी: दोन कार्डं, एक कॅबिनेट आणि देवाचा कौल

कॉम्प्युटर एकच येणार, त्यात ग्राफिक्स कार्ड एकच बसणार, आणि ते कुणाच्या कामाचं घ्यायचं यावरून आमच्या दोघांच्या घरात पंधरा दिवस दोन पक्ष पडले होते. मला ते व्हिडिओ जोडायला हवं होतं. मोरजीला कासवाची पिल्लं समुद्राकडे निघालेली मी या ब्लॉगसाठी टिपली होती, लांबूनच आणि दिवा न लावता. पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती बिचारी दोन दिवस त्याच वाळूत थिजून बसली. यशवंतांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते हवं होतं ट्रक चालवायच्या गेमसाठी.

हसू नका. यशवंतांनी उभी हयात डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवला. खाणी थांबल्यावर भाड्याची गाडी चालवली. मग काचबिंदूने त्यांची नजर दोन्ही बाजूंनी कुरतडली. समोरचं दिसतं, कडेचं नाही. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं, त्याला आता वर्ष झालं. तेव्हापासून हा माणूस जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकतो आणि कुणाचा क्लच गेलाय ते सांगतो.

तरीही मी माझा पक्ष सोडला नव्हता. उलट एक गनिमी चाल खेळले. सोमवारी भाजीला जाते म्हणून निघाले आणि थेट गावच्या देवळात कौल लावायला गेले. आमच्याकडे ही रीत आहे: गुरव देवाच्या ओल्या अंगावर पाकळ्या चिकटवतो, देवाला प्रश्न घालतो, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमीन, लग्न, दुखणं, सगळं देवाला विचारतात. ग्राफिक्स कार्ड बहुधा मीच पहिल्यांदा विचारलं.

गुरव खणखणीत आवाजात म्हणाला, "बारा गावच्या, बारा वाड्यांच्या म्हाराजा! ही तुजी लेक कॉम्प्युटराक कार्ड घालता. मोठ्या मेमरीचा घातला तर बरा जातला? जातला तर उजवी दी!"

माझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर तिथे असत्या तर त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं. पण पाकळी उजवी पडली आणि मी जिंकले.

शनिवारी सकाळी निघालो. धारगळहून हमरस्त्याने म्हापसा, तिथून अस्नोडा, मग डिचोली आणि साखळी. चांगला ड्रायव्हर सव्वा तासात पोचतो. मी चालवत होते, म्हणून दोन तास धरा.

"अगो, गियर बदल."

"बदलला."

"खंय बदललो? गाडी रडता ती आयकना तू?"

मी ऐकत नव्हते. मी पाहत होते. शेजारी बसलेल्या यशवंतांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. तिथे नुसती रबराची चटई. आमच्या गाडीत ती चटई एकाच जागी झिजली आहे.

अस्नोड्याला थांबा, भाजी-पाव खा. पातळ भाजी, कडक गोल पाव म्हणजे उंडे, वर मिरचीची भजी. दोघांचं चहासकट दीडशेच्या आत होतं. पुढे डिचोलीच्या आधी रस्त्याच्या कडा खाणीच्या धुळीने अजून तांबड्या आहेत. गोवा राज्य झालं त्याच वर्षी मी लग्न होऊन इथे आले. आमची पहिली फिरायला जायची गाडी म्हणजे यशवंतांचा टिपर. कॉन्व्हेंटमध्ये पाढे आणि टायपिंग शिकलेली मी, नवी साडी नेसून, केबिनमध्ये त्यांच्या बाजूला. ते घाटात एका हाताने वळण घ्यायचे, दुसऱ्या हाताने माझ्यापुढे शेंगदाणे धरायचे. मला एकदाही ब्रेक दाबावासा वाटला नाही.

साखळीचं दुकान सापडायला सोपं आहे, कारण ते पूर्वी टिपर दुरुस्तीचं गॅरेज होतं. आता मिस्त्रींची मुलगी रेश्मा तिथे गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे कॉम्प्युटर जोडून देते. भिंतीवर पान्हे अजून टांगलेले, खाली मदरबोर्ड. तिने दोन कार्डं काढून ठेवली. एक सोळा जीबीचं, दुसरं आठ जीबीचं पण चपळ. दोन्हींच्या किमतीत एका बऱ्या साडीचा फरक.

"काकी, मेमरी म्हणजे टिपराचो हौदो," रेश्मा म्हणाली. "तुमचे व्हिडिओ जड. हौदो मोठो असलो तर एका खेपेत सगळा म्हाल जाता. ल्हान हौद्याक फेऱ्यो जास्त."

"आणि दुसऱ्याचा इंजिन जबर," यशवंत म्हणाले.

"बरोब्बर, काका!"

"माका देवान कौल दिलोहा," मी हुकमाचं पान टाकलं. "मोठ्या हौद्याचा."

यशवंतांनी चष्मा पुसला. "कौल माकाय दिलोहा. उजवो."

म्हणजे हाही मला चोरून देवळात जाऊन आला होता! रेश्माने दोन्ही हात वर केले. "देवाच्या भानगडीत मी पडूचंय नाय. दोनय लावन दाखयतंय."

आधी मोठ्या हौद्याचं कार्ड लावलं. माझी कासवं एका कपभर चहात समुद्राला मिळाली. मग यशवंत खेळायच्या स्टिअरिंगमागे बसले. गाडी धावली, पण आरशांतली चित्रं अडखळत होती. रिव्हर्स घेताना त्यांनी शेडचा खांब पाडला.

"खांबो खंयसून इलो?"

मग चपळ कार्ड लावलं. कासवांना एक चहा पुरला नाही, दुसराही नाही. रेश्माचा डबा खाऊन झाला तरी शेवटचं पिल्लू वाटेवरच. पण यशवंतांच्या ट्रकचे आरसे स्वच्छ झाले. खऱ्या गाडीचे आरसे कडेला असतात, तिथे त्यांना काळोख. इथे दोन्ही आरसे समोरच्या पडद्यावर होते. त्यांनी रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर दिला, वळणावर हॉर्न दिला, आणि फक्त आरशात बघत अख्खा ट्रेलर एका दमात शेडमध्ये मागे घातला. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. रेश्माने टाळ्या वाजवल्या.

यशवंतांनी ट्रकचं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग झटकन उठले. "हिका मोठ्या हौद्याचाच दी. कासवां खोळंबली आसत."

"हेच दे, चपळ," मी म्हणाले.

"अगो, पण कौल?"

"देवाशी मी बोलते."

तुम्ही जाणार असाल तर सांगून ठेवते. आपलं काम बरोबर घेऊन जा आणि दोन्ही कार्डांवर चालवून बघा. डब्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका. कॅबिनेट आतून मापून घ्या, कारण हल्लीची कार्डं हातभर लांब असतात. पॉवर सप्लायही विचारा, नाहीतर मोठं इंजिन आणि टाकीत डिझेल नाही अशी गत. आणि मेमरी कमी असली तर रडू नका. व्हिडिओची हलकी प्रत काढून तिच्यावर जोडकाम करायचं, शेवटी खऱ्या प्रतीवर तयार करायचं. रेश्माच्या भाषेत, आधी रिकामी खेप, मग भरलेली.

परतताना यशवंतांना कॉम्प्युटरच्या राखणीला गाडीत बसवून मी देवळात शिरले. नारळ ठेवला, देवाची माफी मागितली. कौल मोडला होता, थट्टा नव्हे. आणि देवाने दोघांना वेगवेगळं कार्ड सांगावं कसं, हेही गुरवाला जरा रागानेच विचारलं.

"त्याणी कार्डाचा खंय विचारला?" गुरव म्हणाला. "त्याणी विचारला, माका परत गाडी चलवूक मेळतली काय? आणि उजवी पडली. माकाच भंय वाटला, डॉक्टर नाय म्हणता आणि देव होय म्हणता!"

मी ठेवलेला नारळ देवापुढे नीट सरळ केला.

"पण मग माझी उजवी कशी पडली?"

गुरवाने छताकडे बोट दाखवलं. "तुज्या दिवसाक पंखो चालू होतो. त्याच्या वेळार लायट गेली होती."

गाडीत आल्यावर यशवंतांनी विचारलं, "देव काय म्हणालो?"

"गियर वेळेवर बदल म्हणाला."

आता घरी माझं जोडकाम सकाळी असतं. कासवं सावकाश समुद्राला मिळतात, तोवर माझं नुस्तं, म्हणजे मासळी, साफ करून होतं. दुपारनंतर स्टिअरिंग यशवंतांचं. मी बाजूला बसते, त्यांना शेंगदाणे सोलून देते. त्यांचे दोन्ही हात कामात असतात. काल ते पडद्यावरच्या एका घाटात जोरात उतरत होते. पुढे तीव्र वळण आलं, आणि माझा उजवा पाय आपोआप खालच्या फरशीवर गच्च दाबला गेला.

"अगो," ते समोरून नजर न काढता म्हणाले, "ब्रेक माज्याकडे आसा."