पालथा पेला

भाताची कापणी उरकून आम्ही बाया माळावर गवत कापत होतो, तेव्हा थोरल्या दिरांचा फोन आला. डहाणूच्या दवाखान्यातून. "सुनीचा बाबा गेला," एवढंच म्हणाले. मी हातातला भारा आधी बांधून पुरा केला... का, ते सांगता येत नाही. बातमी नवीन वाटली नाही म्हणून असेल.

आता महिना होऊन गेला. मी चौथी शिकलेली, चारचौघांत मला बोलता येत नाही. पण एक गोष्ट मी कुठेच सांगितलेली नाही. ती सुनीच्या, माझ्या मुलीच्या, जुन्या वहीत लिहून ठेवते आहे.

आमचा पाडा उधव्याजवळ. मोहाची दारू पाड्यातच निघते, बाटली राज्याच्या हद्दीपलीकडून येते. पिणाऱ्याला लांब जावं लागत नाही. सोडणाऱ्याला मात्र डहाणू गाठावं लागतं, हे मला २०१६ साली कळलं. सुनीच्या बाबाला रक्ताची उलटी झाली होती. पाड्यात औषधं वाटणारी आशाताई म्हणाली, दर रविवारी दुपारी डहाणूला एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेली माणसं बसतात, तिथे ने. तो एकटा जाईना, म्हणून मी बरोबर गेले. खोलीत आठ-दहा बाप्ये पोरांच्या बाकांवर अवघडून बसलेले, टेबलावर चहाची किटली. हा दारातूनच म्हणाला, "औषध कोण देतो?" नरपडचे धर्माकाका, सगळा जन्म होडीवर गेलेले, हसले. "औषध नाय रे बाबा. बोलायचं, ऐकायचं नि चा प्यायचा."

"मग चा तरी गोड करा," हा म्हणाला, आणि सगळी खोली हसली. त्या हसण्यामुळेच तो पुढच्या रविवारी गेला, असं मला वाटतं.

तिथे एकेकाने उभं राहून नाव सांगायचं आणि म्हणायचं, "आज घेतली नाही." मी मागच्या बाकावर. "वहिनी, तुम्ही पण बोला की," कुणी म्हणालं की मी मान खाली घालायची. धर्माकाकांनी त्याला एक युक्ती शिकवली होती. लग्नात, पंगतीत बसलं की आपला पेला आधी पालथा घालायचा, म्हणजे कुणी ओतत नाही. तो घरीही तसंच करायला लागला. रात्रीचं पाणी पिऊन झालं की स्टीलचा पेला फळीवर पालथा ठेवायचा आणि म्हणायचा, "सुनीची आय, आज नाय." पाड्यातले चिडवायचे, "महाराज आले, सरबत आणा!" हा म्हणायचा, "दोन आणा, मला एकाने भागत नाय." दीड वर्ष असं गेलं. घराचे कुड त्याने नव्याने लिंपले. आधी त्याची चाहूल लागली की मागच्या दाराने पळणारी सुनी त्याच्या ताटात जेवायला लागली.

मग सासूबाई गेल्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पानाच्या द्रोणातून दारूची धार सोडतात, आणि धार सोडणाऱ्याने तळाचा घोट घ्यायचा असतो. म्हातारी आमच्या घरात राहिली, म्हणून मान त्याचा. तो उठेना. "पाण्याची सोडली तर?" त्याने हळूच विचारलं.

"आयने कधी पाणी मागितलं होतं काय?" थोरले दीर म्हणाले. "तहानलेली धाडतोस तिला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी तो नाही म्हणाला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सगळा पाडा बघत होता... आणि मला वाटलं, ही कुठे दारू, हा तर आयचा वाटा. द्रोण मी भरला. मीच त्याच्या हातात दिला. "घे, आयचं आहे," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तो पिऊन घरी आला.

त्या रविवारी आम्ही डहाणूला गेलो तेव्हा तो शुद्धीत होता. पाळी आली तसा उभा राहिला, नाव सांगितलं आणि खाली बसला. धर्माकाकांनी चहात साखर जास्त घालून पेला त्याच्यापुढे ठेवला, तो त्याने प्यायला नाही. परतताना एसटीत म्हणाला, "खोटं तिथं बोलवत नाय. खरं सांगितलं तर तुझं नाव येईल." त्यानंतर तो कधीच गेला नाही, पीतच राहिला. एकदा धर्माकाका सुके बोंबील घेऊन घरी आले, तर हा मागच्या दाराने निघून गेला. काका अंगणात बराच वेळ बसले. मला म्हणाले, "वहिनी, घरी नक्की काय झालं?" मी चहा टाकायला आत गेले. तेव्हा बोलले असते तर काही झालं असतं का, कोण जाणे. मला तरी वाटत नाही.

तो गेल्यावर, त्याच्या दिवसांना थोरल्या दिरांनी फळीवरचा त्याचाच पेला काढला, सरळ केला आणि काठोकाठ भरला. "त्याच्या आवडीची आहे," म्हणाले. मी तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नाही.

सगळे गेल्यावर तो पेला मी राखेने तीनदा घासला आणि त्याच्या जागी पालथा ठेवला. उचलला की आतून अजून वास येतो. म्हणून उचलत नाही.